सिंहासनावरची गाठ

धाराशिव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटच्या कड्यात सात लेणी कोरलेली आहेत. त्यांची एक जुनी हकीकत कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात सापडते. दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेला राजा करकंड तेरापूरजवळ तळ देतो. तिथला राजा शिव त्याला डोंगरातल्या हजार खांबांच्या लेण्याची माहिती देतो. लेण्यात गेल्यावर करकंडाची नजर मूर्तीच्या सिंहासनावर अडकते. सगळे घडीव, नेटके, आणि मधेच एक ओबडधोबड गाठ. एक म्हातारा शिल्पकार सांगतो की लेणे खोदताना इथे पाण्याचा झरा लागला होता, तो बुजवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजा ऐकत नाही. गाठ फोडली जाते आणि लेणे पाण्याने भरते. कथा म्हणून ती गोड आहे, पण तिच्यात पुराव्याबद्दलचे एक पक्के निरीक्षण दडले आहे. घडाईच्या नेहमीच्या नियमाने जे आले त्यातून करकंडाला काहीच कळले नाही. नियमात न बसणाऱ्या एका उंचवट्याने आतले पाणी दाखवून दिले. एखाद्या वास्तूत आकृती पुन्हापुन्हा दिसते, तेव्हा त्यातली कोणती पुनरावृत्ती इतिहासाची साक्ष देते आणि कोणती नुसती सवयीची, हा प्रश्न या लेण्यांच्या आणि शेजारच्या तेरच्या अभ्यासात शंभरेक वर्षे घोळतो आहे. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न सोडवण्याची शिस्त इतिहासकारांपेक्षा स्फटिकशास्त्रज्ञांनी जास्त काटेकोरपणे बसवली आणि ती इथे आणून लावली तर धाराशिव आणि तेर यांच्याबद्दलचे निकाल वेगवेगळे लागतात.

‘करकंडचरिउ’ची हिरालाल जैन यांनी संपादित केलेली आवृत्ती वऱ्हाडातल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत १९३४ साली निघाली आणि काव्यातले तेरापूरचे लेणे म्हणजे धाराशिवची लेणी, ही ओळख त्यातून पक्की झाली. त्याच १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिन या जठरातल्या पाचक प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून ठिपक्यांचे छायाचित्र घेतले. प्रथिनाच्या स्फटिकाचे असे स्पष्ट चित्र मिळण्याची ती पहिली वेळ. स्फटिक कोरडा पडला की ठिपके जातात, तो ज्या द्रावात वाढला त्या द्रावातच ओला ठेवावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आले आणि मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी ए. एल. पॅटरसन यांनी त्या ठिपक्यांतून अणूंमधली अंतरे काढण्याचे गणित छापले. तीन गोष्टी, एक साल. यातून काही निष्पन्न होते का? काहीही नाही. दरवर्षी जगात हजारो पुस्तके आणि निबंध निघतात, त्यातले तीन वेचून एका माळेत ओवणे कुणालाही जमते. असा योगायोग बाजूला काढता येणे, हीच या विषयातली पहिली पायरी.

पॅटरसन यांच्यापुढची अडचण अशी होती. स्फटिकातून विखुरलेले क्ष-किरण फिल्मवर ठिपके उमटवतात. प्रत्येक ठिपका किती ठळक हे मोजता येते, पण ती लाट येताना शिखरावर होती की दरीत, ही माहिती वाटेतच हरवते. ती नसताना रेणूचे चित्र थेट काढता येत नाही. पॅटरसन यांनी दाखवले की नुसत्या ठळकपणावरूनही एक नकाशा निघतो. त्यात अणूंच्या जागा नसतात, पण कोणत्याही दोन अणूंमधले अंतर आणि दिशा असते. ठिपक्यांच्या रांगोळीच्या दोन पारदर्शक प्रती घ्या आणि एक दुसरीवर ठेवून हळूहळू सरकवा. सुरुवातीला, काहीच सरकवलेले नसताना, सगळे सगळ्यावर बसते. नकाशात तिथे सर्वांत उंच शिखर येते. पुढे कुठे थोडे जुळते, कुठे मुळीच नाही. स्फटिकाच्या जाळीचे एक घर पुरे सरकले की पुन्हा सगळे जुळते. पण त्यात नवे काही कळत नाही, कारण स्फटिक म्हणजेच असे जुळणे. खरी गंमत एका घराच्या आतच, जाळीने सांगितलेले नसताना, मधेच एक उंच शिखर उभे राहते तेव्हा असते. म्हणजे त्या घरात एकाच रेणूच्या दोन प्रती आहेत आणि दुसरी पहिलीपासून ठराविक अंतरावर, जवळजवळ त्याच रोखाने ठेवलेली आहे. दुसरी प्रत फिरवून ठेवली असेल तर नुसते सरकवून भागत नाही, नकाशा स्वतःवरच गरगर फिरवून पाहावा लागतो. मायकेल रॉसमन आणि डेव्हिड ब्लो यांनी १९६२ साली ती रीत मांडली, आणि लपलेली सममिती हुडकणे हा तेव्हापासून या धंद्यातला रोजचा उद्योग झाला.

यातल्या दोन बारकाव्यांकडे इतिहासाच्या वाचकाने लक्ष द्यावे. पहिला बारकावा असा की ही पुनरावृत्ती कधीच तंतोतंत नसते. दुसरी प्रत अगदी हुबेहूब असती आणि अर्ध्या घराच्या अंतरावर नेमकी बसली असती, तर मूळ घरच अर्ध्या मापाचे ठरले असते. लपलेले काही उरलेच नसते. प्रती किंचित वेगळ्या असतात म्हणून फिल्मवर एक ओळ ठळक, पुढची फिकी, पुन्हा ठळक, अशी रांग दिसते. घाईतला माणूस फिके ठिपके सोडून देतो, घर निम्मे धरतो, आणि दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी एक गोष्ट म्हणून छापून मोकळा होतो. दुसरा बारकावा अंतराचा. आजच्या संगणकी तपासणीत असे शिखर शोधताना मूळ बिंदूपासून साधारण १५ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरे मोजण्याचे एकक) आतली शिखरे धरत नाहीत. कारण बहुतेक प्रथिनांत सर्पिल पीळ असतात आणि पिळाचे वेढे एकमेकांसारखे असायचेच. जे सगळ्यांकडे असते त्यावरून कुणा एकाचे गोत्र काढता येत नाही. त्यापलीकडे शिखर मिळाले, तरी एवढे उंच शिखर निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता किती, हे विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

पेप्सिनच्याच बाबतीत या शिस्तीचे फळ मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली. पेप्सिनची साखळी एकच, पण तिची घडी उलगडून पाहिली तेव्हा ती दोन पाकळ्यांची निघाली, आणि मधल्या अक्षाभोवती अर्धा फेरा दिला की एक पाकळी बरीचशी दुसरीवर बसते. दोन्ही पाकळ्यांतल्या अमिनो आम्लांची ओळ ताडून पाहिली तर साम्य जवळजवळ नाही. पण प्रत्येकीत, नेमक्या कामाच्या जागी, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, थ्रिओनिन, ग्लायसिन हे त्रिकूट हजर. जॉर्डन टँग, टॉम ब्लंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली यावरून निष्कर्ष काढला की फार पूर्वी एका लहान जनुकाची दुप्पट झाली आणि दोन प्रती एका साखळीत जोडल्या गेल्या. कामाच्या गरजेपोटी दोन परक्या पाकळ्या सारख्या घडू शकतात, ही शंका रास्त होती. पण तिचे वजन १९८९ साली बरेच उतरले. एड्सच्या विषाणूतल्या प्रोटिएजची रचना त्या वर्षी उलगडली. त्याची साखळी फक्त ९९ अमिनो आम्लांची, तिच्यात ते त्रिकूट एकदाच, आणि दोन साखळ्या समोरासमोर आल्या की पेप्सिनसारखे कामाचे ठिकाण तयार होते. म्हणजे एका पाकळीची साखळी स्वतंत्रपणे नांदू शकते. पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पिल्लई, कन्नन आणि होसूर यांनी या दोन साखळ्या पाच दुव्यांच्या तुकड्याने जोडलेले, एकूण २०३ अमिनो आम्लांचे रूप स्फटिकात अभ्यासले आणि २००१ साली १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने छापले. निसर्गाने पेप्सिनच्या पूर्वजात केले असावे तसेच काहीसे इथे प्रयोगशाळेत झाले, फक्त हेतू औषधाचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सुरेश, पुंडले आणि यॉर्कचे डॉडसन दांपत्य यांनी १९९९ मध्ये पेनिसिलिन व्ही असायलेजची चार साखळ्यांची रचना मांडली, तीही याच जातीची गोष्ट: अमिनो आम्लांच्या ओळीत न दिसणारे नाते घडीत दिसले.

आता लेण्यांकडे. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखात फिरले, १८७८ च्या अहवालात त्यांनी धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन केले आणि पुढे फर्ग्युसन यांच्याबरोबरच्या १८८० च्या ग्रंथात ती जैन लेण्यांत घातली. त्यांच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा गाभाऱ्यातला: पद्मासनात बसलेली मूर्ती, डोक्यावर नागफणा, म्हणजे पार्श्वनाथ. उलट म. के. ढवळीकर यांनी ही लेणी मुळात बौद्ध होती आणि नंतर जैनांकडे आली, असा पक्ष मांडला. दुसऱ्या क्रमांकाचे लेणे हे वादाचे केंद्र. मधला चौरस मंडप सुमारे ८० फुटांचा, भोवती भिक्षूंच्या १४ खोल्या, मागच्या भिंतीत मधोमध गाभारा. अजिंठ्याच्या वाकाटक काळातल्या विहारांशी हे जुळते, असे नेहमी सांगितले जाते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातही खोल्या १४ च आहेत, आणि काही लेखक इथेच टाळी वाजवतात. मी वाजवणार नाही. चौदा म्हणजे चौदा जुळणे हे १९३४ म्हणजे १९३४ जुळण्यासारखे आहे. चौरस मंडप, खांबांच्या रांगा, समोर ओसरी हेही बाजूला ठेवावे लागेल. ते त्या काळच्या पाथरवटांच्या हातातले होते, बौद्ध, जैन, शैव कुणीही बोलावले तरी तेच कोरून देणारे. ही झाली १५ अँगस्ट्रॉमच्या आतली शिखरे.

या रेषेपलीकडे काय उरते ते पाहू. राहण्याच्या खोल्या तिन्ही बाजूंनी आणि त्यांच्याच मधोमध, दाराच्या समोर, पूजेचा गाभारा: निवास आणि पूजा एका छताखाली आणण्याची ही जोडणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याला, आणि वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने कोरवलेल्या जंजाळ्याच्या घटोत्कच लेण्यात दिसते. दोन्ही बौद्ध, दोन्ही मराठवाड्याच्या वाऱ्यातली. याउलट दख्खनेतली जी जैन लेणी निःसंशय जैन आहेत, म्हणजे बदामीचे चौथे लेणे किंवा वेरूळची इंद्रसभा आणि तिची भावंडे, त्यांत भर मूर्तींवर आहे; विहारासारख्या खोल्यांच्या ओळी तिथे नाहीत. साहजिक आहे, कारण त्यांचा उपयोगच वेगळा. तेव्हा धाराशिवला जुळते आहे ते नुसते रूप नाही, जगण्याची एक रीत आहे, आणि ती त्या शतकात, त्या भागात एकाच पंथाची म्हणून आपल्याला माहीत आहे. मंडपाचे माप मात्र अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यापेक्षा बरेच मोठे. तिथे ६४ फुटांच्या आसपास, इथे ८०. मला हा फरक अडचणीचा वाटत नाही, उलट हवासा वाटतो. तंतोतंत नक्कल असती तर एकाच टोळीचे काम म्हणून विषय संपला असता. किंचित वेगळी प्रत सांगते की रीत पोचली होती आणि ती इथल्या कारागिरांनी आपल्या हिशेबाने वापरली.

यावर आक्षेप दोन, आणि दोन्ही हलके नाहीत. ओडिशातल्या उदयगिरीला जैन मुनींच्या खोल्या कोरलेल्या आहेत, मग खोल्या असणे हे बौद्धपणाचे लक्षण कसे? पण उदयगिरीचे काम खारवेल राजाच्या काळातले, पाच-सहा शतके आधीचे. तिथे खोल्या ओसरीवर उघडतात, मधला खांबांचा मंडप आणि त्याच्या टोकाचा गाभारा ही जोडणी नाही. एक अवयव जुळला, सांगाडा नाही. दुसरा आक्षेप मूर्तीचा: समोर पार्श्वनाथ बसलेले असताना आराखड्याच्या जोरावर त्यांना उपरे ठरवणे हा उद्धटपणा नव्हे काय? मूर्ती ही लेण्यातली सर्वांत सहज बदलण्याजोगी गोष्ट आहे. ती नव्याने आणता येते, जुनीवर छिन्नी चालवता येते, तिला नवे नाव देता येते. कोरलेल्या चौदा खोल्या मात्र कुणाला भरून काढता येत नाहीत. मूर्ती लेण्याचा शेवटचा मालक सांगते, खोदाई पहिला. जैनांचा इथला वावर त्याने तसूभरही कमी होत नाही. शतकानुशतके त्यांनी ही जागा राखली, तिच्यावर काव्य रचले, आणि करकंडाची स्मृती टिकवली ती त्यांच्या काव्यानेच. करकंड हे नावही मोठे मासलेवाईक आहे: तो प्रत्येकबुद्ध, म्हणजे एकट्याने बोध पावलेला, म्हणून जैनांच्या यादीत आहे आणि बौद्धांच्या जातकातही. दोन्हीकडे आहे, म्हणून वादात कुणाच्याच कामाचा नाही.

हीच फूटपट्टी तेरला नेली की निकाल उलटा लागतो. तेरणेकाठचे तेर म्हणजे ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मधले तगर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हे तगर कुठले, यावर भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सांगितले, रा. गो. भांडारकरांनी धारूर; १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेर सिद्ध केले. पाठोपाठ हेन्री कझिन्स तिथे गेले आणि विटांच्या त्रिविक्रम मंदिरापाशी थबकले. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर घुमटी पिंपाचे छत, दर्शनी बाजूला घोड्याच्या नालेसारखी कमान: कार्ले-भाज्याचा चैत्य जणू डोंगरातून उपटून गावात ठेवलेला. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह, नंतर विष्णूचे झाले, असे त्यांनी १९०२-०३ च्या अहवालात लिहिले आणि मार्गदर्शक पुस्तकांतून ते आजवर चालत आले. मला ते पटत नाही. गोलपाठीचा आराखडा त्या काळी बौद्धांची मिरास नव्हता. ऐहोळचे दुर्गा मंदिर तसेच आहे आणि त्याला कुणी चैत्य म्हणत नाही. लाकडाच्या आणि विटांच्या सुतार-गवंड्यांची ती पिढीजात आकृती होती, ज्याने बोलावले त्याच्यासाठी बांधलेली. आकृती पुन्हा दिसते एवढेच, तिच्याबरोबर पूजेची किंवा निवासाची दुसरी कोणतीही विशिष्ट खूण पुन्हा दिसत नाही. शिखर उंच आहे, पण मूळ बिंदूच्या फार जवळ. चैत्य असण्याची शक्यता मी नाकारत नाही. ती सिद्ध झाली, हे नाकारतो.

तेरमध्येच या मुद्द्याचा हातात धरता येईल असा नमुना आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या आणि आता तिथल्या शासकीय संग्रहालयात असलेल्या वस्तूंमध्ये सातवाहनकाळच्या केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत. त्या दुहेरी साच्यातल्या: पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही चिकटवून कडेचा सांधा पुसून भाजलेल्या. अशी एक मूर्ती आडवी धरून कानापासून खांद्यापर्यंत बोट फिरवले की बुजवलेल्या सांध्याची कड लागते. दोन मूर्तींचा चेहरा सारखा आहे यावरून त्या एका घरच्या ठरत नाहीत. साचा म्हटला की सारखेपणा आलाच. दोहोंच्या गालावर एकाच जागी एकच चरा असेल, तर मात्र तो साच्यावरचा चरा आहे आणि दोन्ही त्याच साच्यातून निघाल्या. फिके ठिपके म्हणतात ते हेच. याच संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी इतकी मिळते की ती इकडूनच तिकडे गेली असे लिहिण्याचा मोह आवरत नाही. पण पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, ती लिपी वायव्येची, आणि हा चरा तेरच्या मूर्तीशी जुळणारा नाही. दख्खनचा व्यापार रोमपर्यंत होता हे त्याशिवायही सिद्ध आहे; त्यासाठी या मूर्तीला राबवायची गरज नाही.

कुणी म्हणेल की स्फटिकात एकाच रेणूच्या अब्जावधी प्रती असतात म्हणून तिथे शक्यतेचे गणित चालते. लेणे एकच, मंदिर एकच, तिथे कसली शक्यता? पण स्फटिकवाला ज्या पार्श्वभूमीशी ताडून पाहतो ती त्याच्या हातातल्या स्फटिकातून येत नाही. ती इतरांनी सोडवलेल्या रचनांच्या साठ्यातून येते, आणि असा साठा आज दोन लाखांच्या वर आहे. आपल्याकडेही पश्चिम भारतातली लेणी हजाराच्या घरात आहेत, बर्जेसपासून मोजून, आराखडे काढून ठेवलेली. अमुक जोडणी किती ठिकाणी, कोणत्या शतकात, कुणाकडे दिसते, हे त्यातून मांडता येते. आकडा ढोबळ येईल. तेवढ्यानेही धाराशिव आणि तेर वेगळे पडतात.

कनकामरांनी एक गोष्ट सरळ लिहून ठेवली आहे, तिच्याकडे वादाच्या भरात लक्ष जात नाही. त्यांच्या काव्यात करकंड पोचतो तेव्हा लेणे आधीपासून तिथे आहे. ते नील आणि महानील या विद्याधरांचे, म्हणजे कवीच्या लेखी आपल्याच पंथाच्या पण आठवणीपलीकडच्या लोकांचे. राजा गाठ फोडतो, पाणी चढते, तो हळहळतो. आणि जुने लेणे तसेच पाण्यात ठेवून वरच्या अंगाला नवे कोरवतो.